शेकाचे दिवस

आत्याच्या नाकाशेजारी, उजव्या डोळ्याच्या कोपऱ्याखाली, एक खपली धरली होती. खपली पडायची, थोडं रक्त यायचं, पुन्हा धरायची. वर्षभर तरी हे चाललं असावं. घरात कोणाचं लक्ष गेलं नाही, कारण आत्याच्या तोंडावर डाग, सालपटं, फुटलेले ओठ हे नेहमीचंच होतं. लक्ष गेलं ते मायचं. एका सकाळी कणीक मळता मळता ती थांबली आणि म्हणाली, "बाई, हे तुमचं अजून भरलं नाई?"

"भरते नं. भरते आन् फुटते."

"किती दिस झाले?"

"कोणाले मालूम."

मायनं हात धुतले आणि आत्याची हनुवटी धरून तिचं तोंड दाराकडं वळवलं. आत्यानं लगेच डोळे मिटून घेतले. उजेड तिला सोसत नसे.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. घरात बाबा आणि माय दोघंही तिला बाई म्हणत. ती जन्मालाच पांढरी आली होती. गोरी नव्हे, पांढरी. केस, भुवया, पापण्या अंबाडीच्या धाग्यासारख्या, आणि बुबुळं सारखी इकडून तिकडं हलणारी. नरखेडकडच्या खेड्यात सगळं घर सावळं आणि त्यात ही एकच अशी. गावानं तिचं नाव भुरी ठेवलं. आजीला लोकांनी काय काय विचारलं असेल ते आजीच जाणे. आत्याला कोणी घरात बसवून ठेवलं नाही, तेवढी ऐपत नव्हती. इतर पोरींसारखीच ती कापूस वेचायला गेली, संत्र्याच्या बागेत निंदायला गेली. संध्याकाळी तिच्या मानेवर, हातांवर पाण्याचे फोड उठलेले असायचे. आजी त्यांना तेल लावायची आणि सकाळी पुन्हा कामाला पाठवायची.

धम्मदीक्षेच्या सालानंतर आमचं घर नागपुरात आलं. बाबा मॅट्रिक झाले होते, त्यांना सरकारी ऑफिसात कारकुनी मिळाली. आत्या उत्तर नागपुरातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, आतल्या खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसून विड्या वळायची. सूप मांडीवर, तेंदूचं पान डोळ्यांच्या वीतभर पुढं. लग्न झालं नाही. "मोडलं का?" असं मी लहानपणी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली होती, "मोडाले जुळा लागते नं पोरी."

मधल्या काळात तिला क्षय झाला. औषधांनी तो बरा झाला, पण छाती कायमची गेली. चार घरं पलीकडं जाऊन आली तरी ती उंबऱ्यावर बसून धापा टाकायची. मी कळमेश्वरच्या एका कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा ती पन्नाशी ओलांडलेली होती आणि दिसायला सत्तरीची. अंगावर मांस म्हणून नव्हतं.

मायचं आणि तिचं फारसं जमायचं नाही. भांडणं होत नसत, पण एका चुलीपुढं दोन बायका वीस वर्षं उभ्या राहिल्या की जे होतं ते झालं होतं. माय लग्न होऊन आली तेव्हा घर आत्याच्या हातात होतं. मिठाचं भांडं कुठं ठेवायचं यावरून सुरू झालेलं काहीतरी कधी संपलंच नाही. एकमेकींशी बोलायच्या त्या माझ्यामार्फत. "सांग तुह्या आत्याले, भाकरी थंडी होऊन राहिली." आत्या दोन हातांवर बसलेली असायची आणि मी ते तिला सांगायचे.

म्हणून त्या सकाळी मायनं स्वतः आत्याची हनुवटी धरली, हे मला आजही लख्ख आठवतं.

वस्तीतल्या डॉक्टरनं मलम दिलं. मलमानं काही झालं नाही तेव्हा त्यानं मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं. तिथं एक लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल घ्यायला मी आणि बाबा गेलो. सर्जन वयस्कर होते, घाई न करता बोलत होते.

"कातडीचा कॅन्सर आहे," ते म्हणाले. "अशा माणसांना होतो. जन्मापासून यांची कातडी उन्हात उघडीच. रंगाचं जे पांघरूण आपल्याला असतं ते यांना नाही."

बाबा खुर्चीत पुढं सरकले. "काढता येईल?"

"येईल. पण जागा वाईट आहे. डोळ्याला लागून आहे. काढायचं तर खोल काढावं लागेल, कपाळाची कातडी ओढून तिथं बसवावी लागेल. त्याला दोन-तीन तास भूल. आणि छातीचा फोटो पाहिला मी." त्यांनी तो खिडकीशी धरला आणि पुन्हा खाली ठेवला. "या फुप्फुसांवर मी भूल देणार नाही. टेबलावरून उठतील याची मला खात्री नाही."

"मग असंच राहू द्यायचं?"

"असंच राहणार नाही ते. हळू चालतंय, पण डोळ्याकडं निघालंय. तुम्ही खालच्या विभागात जा. तिथं किरणांनी जाळतात. कापाकापी नाही, भूल नाही."

खालचा विभाग म्हणजे तळघरासारखा एक बोळ होता. भिंती जाड, खिडक्या नाहीत, बाराही महिने गार. मी आणि माय आत्याला घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई तिशीच्या असतील. त्यांनी आत्याला समोर बसवलं, आणि पहिलं काम केलं ते म्हणजे टेबलावरचा दिवा बंद केला. आत्यानं डोळे उघडले. कोणी न सांगता कोणी तिच्यासाठी दिवा बंद केला, असं तिच्या आयुष्यात त्याआधी झालं नसावं.

"आजी, तुम्हाला इथं शेक देणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दवाखान्यात सगळे शेकच म्हणत. "झोपायचं, हलायचं नाही. दुखणार नाही. थोडी मिनिटं मशीन घुमेल, की झालं. रविवार सोडून रोज यायचं. तीन-चार आठवडे."

"काय देता म्हणलं?"

"किरण. एक प्रकारचा उजेडच समजा."

आत्यानं मायकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. "उजेडानंच तर जाळलं मले, बाई. आन् आता उजेडच देता?"

डॉक्टरीणबाई खपली बघायला पुढं वाकल्या. मग म्हणाल्या, "हो. पण या वेळी फक्त तेवढ्याच जागी."

तेवढीच जागा राखण्यासाठी त्यांनी शिशाचा पातळ पत्रा कापला आणि त्याला चवलीच्या नाण्याहून थोडं मोठं भोक पाडलं. पत्रा तोंडावर ठेवला की भोकातून फक्त फोड दिसे. डोळ्याची मोठी काळजी होती. आत्याची बुबुळं एका जागी ठरत नसत, त्यामुळे नुसत्या पत्र्यावर भागणार नव्हतं. पापणीत बधिर करणारं औषध घालून, पापणी उचलून, आत शिशाची एक वाटोळी टोपी बसवायची, बोराच्या टरफलाएवढी. आत्या म्हणाली, "चष्मा नाई भेटला जलमभर, आता लोखंडाचा डोया भेटला."

न्यायचं कोणी हा प्रश्न होता. बाबांना ऑफिस, मला सकाळची एसटी. मी रजा काढायचं म्हटलं. नवी नोकरी, रजा मिळाली नसती हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. माय भांडी घासत होती, तिथूनच म्हणाली, "मी नेतो न. काहून एवढा विचार करून राहिले?"

आमच्याकडच्या बायका 'नेते' म्हणत नाहीत, 'नेतो' म्हणतात. माय तशीच बोलायची.

एप्रिल संपत आला होता. दोघी सकाळी सायकलरिक्षानं निघायच्या. मायच्या हातात बाबांची काळी छत्री. रिक्षाला टप असे, पण ऊन बाजूनं येई, म्हणून माय छत्री आडवी धरून बसे, आत्याच्या तोंडाच्या बाजूनं. आत्यानं लांब बाह्यांचं पोलकं घातलेलं, पदर नाकापर्यंत ओढलेला.

पहिल्या आठवड्यात संध्याकाळी घरी आले की दोघी गप्प असत. दुसऱ्या आठवड्यात एकदा दारातूनच मला हसण्याचा आवाज आला. आत्या भिंतीला टेकून बसली होती आणि दवाखान्यातल्या शिपायाची नक्कल करत होती. "एऽ अम्मा, हिलना मत, हिलोगी तो नाक उड जायेगी!" माय पदर तोंडावर धरून हसत होती, तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"तुही आत्या मोठ्या नकला करते वं," माय मला म्हणाली. "मले वीस वर्षांत नाई समजलं."

"तुले कधी फुरसत होती समजाले," आत्या म्हणाली. ते टोचून नव्हतं.

शेक झाला की दोघी दवाखान्याच्या आवारात निंबाखाली बसत, फाटकाबाहेरच्या गुऱ्हाळाचा रस पीत. आत्याला बिनबर्फाचा. तिथं त्या काय बोलत ते मला फारसं कळलं नाही. एवढं कळलं की माय तिला तिच्या माहेरच्या विहिरीबद्दल सांगायची, आणि आत्यानं तिला एक गोष्ट सांगितली होती जी आम्हा कोणालाच माहीत नव्हती. तरुणपणी गावातल्या एका माणसानं तिला 'माझ्याशी राहशील का' म्हणून विचारलं होतं. ती भ्याली आणि नाही म्हणाली. मायनं ही गोष्ट मला सांगितली आणि वर दटावलं, "तू इचारशीन नको हो तिले."

तिसऱ्या आठवड्यात जागा लाल झाली, मग ओली झाली, मग पिवळट खपली धरायला लागली. मला वाटलं, बिघडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच व्हायला हवं. आधी वाईट दिसेल, मग भरेल. पाणी लावायचं नाही, साबण नाही, हळद नाही, तेल नाही. आणि आता मधे खाडा करायचा नाही. थोडेच शेक राहिलेत.

तोवर मे निम्मा झाला होता. नागपूरचा मे. दुपारी डांबर चपलेला चिकटायचं, रस्त्यावर कुत्रंही नसायचं.

त्या दिवशी काय झालं ते मला आत्यानं नंतर, तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. सकाळी नेहमीसारख्या दोघी पोहोचल्या तर दवाखान्यात वीज नव्हती. मशीन बंद. शिपाई म्हणाला, येईल तासाभरात. बोळात माणसं मावेनात, म्हणून ज्यांना बसवत होतं त्यांना बाहेर टिनाच्या शेडखाली पाठवलं. मायनं आत्यासाठी आत जागा धरली आणि स्वतः बाहेर बसली. वीज दुपारी आली. आत्या म्हणाली होती, "चाल, उद्या येऊ." माय म्हणाली, "उद्या काहून? खाडा नाई पाडाचा म्हणते थे डॉक्टरीण." शेक झाला तेव्हा उन्हं ऐन माथ्यावर होती आणि फाटकावर एकही रिक्षा नव्हती. गुऱ्हाळही फडकं टाकून बंद.

दोघी चालत निघाल्या. चौकात रिक्षा मिळेल असं मायला वाटलं. तिनं आपल्या पदराचं टोक नळाखाली भिजवून आत्याच्या डोक्यावर टाकलं आणि छत्री पूर्ण तिच्यावर धरली. आत्याला दहा पावलांवर दम लागे, मग थांबावं लागे. जिथं थांबत तिथं सावली असेच असं नाही. आत्या म्हणाली होती, "तू बी ये ना वं छत्रीत." माय म्हणाली, "मले काय होते? मी तं काळीच हाओ."

चौकातही रिक्षा नव्हती. पुढं खूप अंतर गेल्यावर एक मिळाली.

घरी येऊन मायनं आत्याला खाटेवर निजवलं, माठातलं पाणी दिलं. मग डोकं दुखतं म्हणून फरशीवर आडवी झाली. थोड्या वेळानं तिला उलटी झाली. आत्यानं हाका मारल्या तेव्हा ती काहीतरी भलतंच बोलत होती. आत्या भिंत धरत धरत शेजारी गेली.

मी बसनं उतरून आले तर दारात माणसं. कोणी कांद्याचा रस तळपायाला चोळत होतं, कोणी कैरीचं पन्हं घेऊन उभं होतं, पण ते तिच्या ओठांवरून ओघळून जात होतं. मी तिच्या कपाळाला हात लावला. तव्यासारखं तापलेलं, आणि कोरडं. घामाचा टिपूस नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं, पण मी कोण ते तिला कळलं नाही.

"म्हशीले पाणी पाजलं का वं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "हो, पाजलं."

"बाकी राहिलं काही?"

"नाही माय, काही बाकी नाही."

बाबा टांगा घेऊन आले. दुपारी ती ज्या फाटकातून बाहेर पडली होती त्याच फाटकातून तिला आत नेलं. तिथं तिला बर्फात गुंडाळलं, सलाईन लावलं. दिवे लागता लागता ती गेली. उन्हाळ्याच्या त्या दिवसांत तिथं अशी माणसं रोज येत होती. डॉक्टरनं बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या खाटेकडं वळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत तिला नेलं. भन्तेजी आले, त्रिशरण पंचशील झालं. सगळ्या बायका पांढऱ्या लुगड्यांत आल्या होत्या. त्या सगळ्यांत आत्या आतल्या खोलीच्या कोपऱ्यात तिच्या विड्यांच्या जागी बसून राहिली. कोणी तिच्याजवळ गेलं नाही. दोन बायका मोरीपाशी हळू आवाजात बोलत होत्या, "त्या भुरीनं खाल्लं तिले. रोज उन्हात घेऊन फिरत होती." बाबा मागे उभे होते हे त्यांना दिसलं नाही. बाबांनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "माह्या घरात हे बोलाचं नाई. बोलाचं असन तर घरी जा." मी बाबांना दुःखाच्या वेळी इतकं सरळ बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं.

आत्यानं ते ऐकलं होतं. तिचे कान फार तिखट होते, डोळ्यांची उणीव भरून काढत.

त्यानंतर तिनं दवाखान्याचं नाव टाकलं. "मी नाई जात," म्हणाली. "पडू द्या नाक. डोया बी जाऊ द्या. मले काय पाहाचं हाय आता?" जेवत नव्हती. मी समजावलं, शेजारची म्हातारी समजावून गेली. ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

चौथ्या की पाचव्या दिवशी बाबा तिच्या खाटेजवळ जमिनीवर बसले. त्यांची दाढी वाढली होती. लहान भाऊ जसा थोरल्या बहिणीपुढं बसतो तसे ते बसले, मांडी घालून, खाली बघत.

"बाई, तू नाई गेली तर तिचे एवढे दिस वाया जातीन."

आत्यानं गुडघे पोटाशी ओढून घेतले.

"तिनं नेलं तुले. मी नाई नेलं, हिनं नाई नेलं. तिनं नेलं. आता अर्ध्यात सोडते का?"

"माह्यापाई मेली थे," आत्या म्हणाली. भिंतीकडंच तोंड होतं.

बाबांनी मान वर केली. मग म्हणाले, "हो." मला धक्का बसला. ते पुढं म्हणाले, "तुह्यापाईच गेली. म्हणून तर जा."

मी आजही त्या उत्तराचा विचार करते. दुसऱ्या कोणी 'छे छे, असं मनात आणू नको' म्हटलं असतं. आम्हीही म्हणून पाहिलं होतं, आणि आत्यावर त्याचा काही परिणाम झाला नव्हता. बाबांच्या 'हो'नंतर ती उठून बसली आणि तिनं पाणी मागितलं.

मी बिनपगारी रजा काढली. साहेबानं नाराजीनं सही केली. मी तिला भल्या सकाळी न्यायला लागले. डॉक्टरीणबाईंना मी सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातला पत्रा तसाच राहिला. "त्या? रोज सोबत यायच्या त्या?" त्यांना विश्वास बसेना. त्या आत्याजवळ स्टुलावर बसल्या, तिचा हात धरला. मग म्हणाल्या, "खाडा पडलाय. थोडे शेक वाढवावे लागतील. चालेल?"

आत्या म्हणाली, "द्या."

पण आडवं निजवून डोळ्यात ती टोपी घालायला गेल्या तर आत्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिला आवरेना. पाणी पत्र्याखालून वाहत होतं, पत्रा सरकत होता. बाईंनी दोनदा पुसून पुन्हा बसवला. तिसऱ्यांदा त्या अगदी हळू म्हणाल्या, "आजी, रडू नका. थोडी मिनिटं. पत्रा हलला तर डोळ्याला लागेल."

आत्यानं हाताच्या मुठी वळल्या आणि श्वास धरला. मी जाड दारापलीकडं गेले. मशीन घुमत होतं. बाहेर आली तेव्हा ती बोळातल्या बाकावर बसली, आणि म्हणाली, "आता रडू का?" मी तिच्याशेजारी बसले.

तेव्हा मला कळलं की रडण्याचीही तिला पंचाईत होती. फोडाची जागा आता पूर्ण सोललेली होती, डोळ्याच्या कोपऱ्याला लागून. आसवं बरोबर तिथूनच उतरत, आणि खारट पाणी त्या ओल्या मांसावर पडलं की ती कळवळायची. पुसायला हात लावायचा नाही, पदर लावायचा नाही. कोणी भेटायला आलं, मायचं नाव निघालं की ती चटकन मान मागं टाकायची. शेवटी तिनंच एक उपाय काढला. रडू आलं की ती खाटेवर उताणी निजायची, अगदी छताकडं तोंड करून. मग पाणी दोन्ही बाजूंनी कानांकडं जायचं, फोडावरून नाही. ती तशी निजली की मी ओळखायचे. कापूस घेऊन उशाशी बसायचे आणि कानांत साचलेलं पाणी टिपून घ्यायचे. आवाज नसायचा. एका दुपारी तिनं छताकडं बघत म्हटलं, "रडणं बी सुखाचं नाई भेटलं वं तुह्या मायसाठी."

शेक संपले. जून लागला. खपली जाड झाली, कडांनी सुटायला लागली आणि एका सकाळी गळून पडली. खाली गुलाबी कातडी होती, पातळ, चकचकीत, जरा खोलगट. डॉक्टरीणबाईंना फार आनंद झाला. त्यांनी दोन-तीन शिकाऊ डॉक्टरांना बोलावून दाखवलं. "पापणी शाबूत, नाकाचा आकार शाबूत," त्या म्हणाल्या. "या बाईंना भूल दिली असती तर आज त्या इथं बसल्या नसत्या." हे सगळं खरं होतं. मलाही बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून आतून कसंतरी झालं.

घरी आल्यावर आत्यानं आरसा मागितला. तिला आरसा अगदी नाकाला टेकेल एवढा जवळ धरावा लागे. तिनं एकदा पाहिलं, बोटानं ती जागा चाचपली, पुन्हा पाहिलं.

"एवढ्याश्या जागेसाठी?" तिनं विचारलं.

कोणाला विचारलं ते ठाऊक नाही. खोलीत मी होते आणि बाबा होते. बाबा उठून अंगणात गेले.

त्यानंतर ती आठ-नऊ वर्षं जगली. चूल तिच्याकडं परत आली. नको होती तेव्हा आली. तिनं विड्या वळणं सोडलं आणि स्वयंपाक करायला लागली. छातीला धूर सोसत नव्हता म्हणून मी पगारातून गॅस घेतला. तिच्या हाताची भाजी मायच्या हातच्यासारखी व्हावी म्हणून ती मला विचारायची, "तिखट एवढंच टाकत होती का?" मायच्या हयातीत तिनं ते कधी विचारलं नव्हतं.

पुढं तिच्या कानशिलावर खरखरीत लाल चट्टा उठला. तोवर माझं लग्न होऊन मी हुडकेश्वरला राहायला गेले होते. तिकडं तेव्हा शेतं होती आणि मधे मधे घरं. मी तिला न्यायला आले तर ती म्हणाली, "उन्हाळ्यात नाई येत." मी म्हटलं, "आत्या, आता नोव्हेंबर आहे." तेव्हा ती तयार झाली. जुन्या डॉक्टरीणबाई बदलून गेल्या होत्या. नव्या डॉक्टरांनी पाहिलं आणि सांगितलं, हा वरवरचा आहे, याला शेक नको. मुंबईहून येणारं एक मलम त्यांनी लिहून दिलं. दिवसातून दोनदा, काडीला कापूस गुंडाळून लावायचं, बोटानं नाही. "घरीच करा," ते म्हणाले. "यायची गरज नाही." हे ऐकून आत्यानं सुटकेचा श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

मी तिला माझ्याकडं ठेवून घेतलं. मलमानं तिचं कानशील आणि अर्धा गाल सोलून निघाला. जे डाग आम्हाला दिसतही नव्हते ते मलमानं शोधून काढले आणि एकेक करून लाल केले. माझा धाकटा मुलगा तिच्याजवळ जायला भ्यायचा. ती त्याला म्हणायची, "भेऊ नको बाप्पा, हे जळून राहिलं म्हणजे बरं होऊन राहिलं." मी काडीनं मलम लावायचे आणि ती डोळे मिटून मायबद्दल बोलायची. गुऱ्हाळावर मायनं रसवाल्याशी आल्याच्या तुकड्यावरून कसं भांडण काढलं होतं, निंबाखाली बसून दोघींनी येणाऱ्या-जाणाऱ्यांना काय काय नावं ठेवली होती. मला वाटतं, तिच्या सगळ्या आयुष्यात तिला मैत्रीण म्हणावी अशी एकच मिळाली, आणि तीही तीन-चार आठवडे.

तोही चट्टा भरून आला. पुढं तोंडावर काही उठलं नाही.

गेली ती छातीनं. पौषातली थंडी, दोन दिवस ताप, आणि श्वास पुरेना. बाबांच्याच घरी होती. शेवटी तिला आडवं होता येत नव्हतं, मी तिला पाठीशी घेऊन बसले होते. तिचं वजन मला जाणवतही नव्हतं. सकाळी कोवळं ऊन दारातून आत आलं तेव्हा बाबा उठून दार लोटायला गेले. तिनं हातानं 'असू दे' असं केलं. मग थोड्या वेळानं तिची मान माझ्या खांद्यावर आली.

माणसं जमायला अजून अवकाश होता. बाबा खुर्ची ओढून तिच्या पायांशी बसले, खूप वेळ बसून राहिले. मग मला म्हणाले, "तू काही खाल्लं नाई रातपासून." आणि चहा ठेवायला स्वतः आत गेले.